चिरेखाणीचे गाऱ्हाणे

शाबा केरकर यांचे स्वरयंत्र गेल्या वर्षी फेब्रुवारीत शस्त्रक्रिया करून काढण्यात आले. या वर्षी उन्हाळ्यात पेडणे तालुक्यातल्या केरी या त्यांच्या गावी त्यांचे निधन झाले. पणजी शहरात त्यांचा बहुतेक जन्म खासगी बसवर कंडक्टर म्हणून गेला. ताळगावच्या पुढे चिरेखाण नावाची वस्ती आहे. तिथे दर वर्षी चतुर्थीच्या आधीच्या रविवारी राखणदारासमोर, म्हणजे वस्ती राखणाऱ्या देवाच्या दगडासमोर, गाऱ्हाणे घालण्याचे काम त्यांच्याकडे होते. दोन्ही कामे आवाजाची. शस्त्रक्रियेनंतर बसवर दुसरा माणूस आला. गाऱ्हाण्याला दुसरा माणूस नव्हता.

गाऱ्हाणे म्हणजे इथे तक्रार नव्हे. सगळ्यांच्या वतीने एकाने देवाशी मोठ्याने बोलायचे, प्रत्येक मागणीच्या शेवटी ‘म्हाराजा’ म्हणायचे, आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ असे उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही तर गाऱ्हाणे पोचत नाही, असे पेडण्याकडे मानतात. केरकर ते अक्षरशः मानत.

चिरेखाणीत आता चिरे काढत नाहीत. वर रस्त्याला लागून दोन इमारती आहेत. त्यांत डिचोली आणि पेडण्याची, नोकरीतून किंवा खाणीच्या धंद्यातून चार पैसे राखलेली कुटुंबे राहतात. मधल्या उतारावर भाड्याच्या खोल्यांची चाळ आहे. तिथे सावंतवाडी, दोडामार्गकडचे लोक जास्त. आणि अगदी खाली, जिथून पूर्वी दगड निघत होता त्या सपाटीवर, पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ आहे. तिथे बेळगाव आणि कोल्हापूरकडची बांधकामावरची माणसे. तिन्ही ठिकाणांचा पोदेर, म्हणजे पाववाला, एकच, पण तो वर मऊ पोई विकतो आणि खाली पोचेपर्यंत त्याच्याकडे कडक उंडेच उरलेले असतात. केरकर मधल्या चाळीत राहत. मी त्यांच्या समोरच्या खोलीत सहा वर्षे भाड्याने होतो.

ते बुटके होते. गर्दीच्या बसमध्ये बुटक्या कंडक्टरला मागच्या दारातून पुढचे काही दिसत नाही. त्यामुळे थांब्याचे नाव पुकारताना ते टाचा उचलून चवड्यांवर उभे राहत. “मळा, भाटले, सांतिनेज, टोंक, ताळगाव!” प्रत्येक नावाला टाचा वर, नाव संपले की खाली. ही सवय अंगात इतकी मुरली होती की दुकानात साखर मागतानाही त्यांच्या टाचा उचलल्या जात. वस्तीतली पोरे त्यांच्या मागे चालताना तशीच नक्कल करत. त्यांना ते ठाऊक होते. एकदा मागे वळून ते म्हणाले, “उखला, उखला. उंच जातल्यात.”

शहर त्यांना माणसांच्या उतरण्यावरून कळत असे. मळ्याची माणसे उतरताना ड्रायव्हरला हात करतात. सांतिनेजची माणसे बस थांबायच्या आधीच उठून दारात येतात आणि मग पिशवी सीटवर राहिली म्हणून परत फिरतात. मिरामारची माणसे उतरली तरी फोनवर बोलतच असतात. “आणि वर टेकडीवरची, आल्तिनोची?” मी विचारले. “ती बशीत खय येतत? त्यांका चडण लागता आणि आमच्या गाडयेक दम लागता.” एखाद्या वाड्यातल्या म्हातारीला घर नीट दिसत नसे, तर थांबा सोडून तिच्या दाराशी बस उभी करायला लावत. ड्रायव्हर कुरकुरला की म्हणत, “थांब रे. तिच्या दारार फुलझाड आसा, ता बघ तू तोपर्यंत.”

गर्दी झाली की ओरडत, “फुडें सरा, फुडें! फुडें देव आसा!” ड्रायव्हरच्या डोक्यावर देवाची तसबीर होती, एवढाच त्याचा अर्थ. एका बाईने उत्तर दिले होते, “देव फुडें, आणि रिकामी सीट मागें, मी कोणाकडे वचूं?” हा किस्सा ते स्वतःच सांगत आणि शेवट सांगण्याआधीच हसू लागत.

बस थांबवायची असेल तर पत्र्यावर एक थाप. सोडायची असेल तर दोन. शिटी त्यांच्या गळ्यात असे, पण ते ती क्वचित वाजवत. पत्रा बरा, म्हणत. शिटी सगळ्यांना ऐकू येते, थाप फक्त ड्रायव्हरला.

चिरेखाणीत गाऱ्हाणे घालण्याचा मान त्यांच्याकडे कसा आला, याबद्दल दोन हकिकती ऐकायला मिळतात. सुर्ल्याचे गुरुदास गावस, जे खनिजाचे ट्रक चालवत होते आणि खाणी थांबल्यावर वरच्या इमारतीत फ्लॅट घेऊन राहायला आले, त्यांचे म्हणणे असे की त्यांनीच केरकरांना पुढे केले, कारण माइक बिघडला होता. केरकरांच्या पत्नी सुलोचनामामी यांचे म्हणणे वेगळे. त्या म्हणतात, पहिल्या वर्षी सगळे नारळ घेऊन दगडासमोर उभे होते आणि कोणीच बोलेना. प्रत्येकाच्या गावी बोलणारा ठरलेला होता, त्यामुळे कोणालाच येत नव्हते. “मागीर ह्यांणी टाचो उखलल्यो.”

केरकरांच्या घराण्याला गावात हा मान नव्हता. केरीत तो दुसऱ्या घराण्याचा. केरकर लहानपणापासून देवळाच्या बाहेरच्या पायरीवर उभे राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणणाऱ्यांपैकी. त्यामुळे शब्द ठाऊक होते, पण तोंडातून कधी काढले नव्हते. शहरात आल्यावर ते आपण म्हणतो, याचा त्यांना संकोच होता. गावात ते ही गोष्ट सांगत नसत.

त्यांचे गाऱ्हाणे गावातल्यासारखे नव्हतेच. चतुर्थीला सारी वस्ती कुलपे लावून आपापल्या गावी जाते. म्हणून त्यांची मागणी प्रवासाची असे.

“बा देवा राखणदारा, ही तुझी लेकरां आज चतुर्थेक गावाक वतत. कोण पेडण्याक, कोण डिचोलेक, कोण सावंतवाडेक, कोण घाट चडान बेळगावाक. घरांक कुलपां घातलेली आसत, ती तू सांभाळ. वाटेर गाडी बंद पडली तर फाटल्यान धक्को मार. गेली तशीच सगळी परत येवंदेत, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मग ते त्या त्या बाजूला तोंड करून वस्तीचा एकेक भाग घेत. कोण आजारी, कोणाची मुलगी परीक्षेला बसली, कोणाचे काम सुटले. शेवटी केळी, विडा आणि एक विडी दगडापुढे ठेवत. राखणदाराला विडी लागते. ती पेटवून ठेवताना एक झुरका केरकर स्वतः घेत. “पेटलीसा काय बघूक होया,” म्हणत.

त्यांची एक चूक वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. एका वर्षी त्यांनी वस्तीचे भाग बसच्या थांब्यांच्या क्रमाने घेतले. आधी पाण्याची टाकी, मग इमारती, मग चाळ. बस तिथून वळते. गाऱ्हाणेही तिथून वळले. खालच्या ओळीचे नाव राहून गेले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतव्वा बसमध्ये चढली. ती बेळगावकडची, बांधकामावर जाते, नवरा तिथलाच रखवालदार. त्या वर्षी नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून चतुर्थीला ती चिरेखाणीतच राहणार होती. केरकरांनी सवयीने म्हटले, “फुडें सर गो शांतव्वा, फुडें देव आसा.”

“देव तुमचा हो मामा,” ती म्हणाली. “बस खाली उतरत नाही आमच्याकडं, ते कळतंय. देव पण वरनंच वळून जातोय काय?”

बसमधले लोक हसले. केरकर हसले नाहीत. ताळगाव आले, त्यांनी नाव पुकारले नाही. दोन माणसे पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागे आली.

मंगळवारी पहिल्या फेरीच्या आधी ते नारळ घेऊन खालच्या ओळीत गेले. पुष्कळ खोल्यांना कुलपे होती. शांतव्वा, तिचा नवरा आणि शेजारची दोन माणसे एवढीच होती. त्यांना काय करायचे ते ठाऊक नव्हते. हा संवाद शांतव्वाने मला नंतर सांगितला.

“मी म्हाराजा म्हटलां की तुमी व्हय म्हाराजा म्हणूचा. तितक्याच.”

“आणि ते तुम्ही कवा म्हणणार, ते कसं कळायचं? तुमचं बोलणं अर्धं कळतं आम्हाला.”

“माझी टाच उखलता. पोरांक इचार.”

त्यांनी ओळीतली प्रत्येक खोली घेतली. कुलूप असलेलीही. त्यानंतर दर वर्षी गाऱ्हाण्याच्या आदल्या दिवशी ते वस्तीभर फिरू लागले. प्रत्येक घराच्या जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, उभे राहून विचारत, “नवीन कोण आयलां? बरें आसा मूं सगळ्यांचें?” वरच्या इमारतीत काहींना ही चौकशी आवडत नसे. एका बाईंनी दार न उघडता विचारले, “कशाची वर्गणी?” केरकर म्हणाले, “काय नाका बाय. फकत तुमचें नांव होया.”

केरीतल्या मानकऱ्यांचे येणे ही दुसरी गोष्ट. दत्ताराम नावाचे ते वृद्ध गृहस्थ, गावात गाऱ्हाणे घालण्याचा मान ज्यांच्याकडे आहे ते, डोळ्यांच्या उपचारासाठी पणजीला आले होते. त्यांचा भाचा चाळीत राहत असे. ते आले त्याच रविवारी गाऱ्हाणे होते. ते दिसताच केरकरांनी हातातला नारळ त्यांच्यापुढे धरला आणि स्वतः मागे, उत्तर देणाऱ्यांत जाऊन उभे राहिले.

दत्ताराम यांनी नारळ घेतला. मग त्यांनी जमलेल्या माणसांकडे पाहिले.

“शाबा, हे कोण रे सगळे?”

“हयसरचे, ह्या वस्तीतले.”

“माका एकाचेंय नांव म्हायत ना. मी कोणासाठी मागूं?” त्यांनी नारळ परत दिला. “तूंच म्हण. मी व्हय म्हणतां.”

त्या दिवशी केरकरांनीच गाऱ्हाणे घातले. दत्ताराम सगळ्यांबरोबर उत्तर देत होते. गावी परतल्यावर त्यांनी ही गोष्ट देवळात सांगितली, त्यामुळे केरकरांचा संकोच आपोआप संपला.

घसा बसायला सुरुवात शस्त्रक्रियेच्या आधीच्या दिवाळीनंतर झाली. शहरात रस्ते खोदलेले होते. धूळ आहे, ते म्हणत. सुलोचनामामी आल्याचा काढा करून देत. नाताळपर्यंत पुकारणे कुजबुजीवर आले आणि प्रवासी चुकीच्या थांब्यावर उतरू लागले, तेव्हा ड्रायव्हरनेच त्यांना इस्पितळात नेले. विड्या सोडल्या होत्या, पण उशिरा. शस्त्रक्रियेनंतर गळ्याच्या खड्ड्यात श्वासासाठी भोक राहिले. त्यावर मामी पांढऱ्या कापडाची पट्टी बांधत.

डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचे एक यंत्र दिले. त्यांनी ते घरी लावून पाहिले. मामी पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, “मिक्सर बोलता तशें दिसता.” केरकर हसले. त्यांच्या हसण्यालाही आवाज नव्हता, फक्त खांदे हलले आणि पट्टी फडफडली. यंत्र फळीवर गेले. त्यानंतर ते थापांनी बोलत. दारावर एक थाप म्हणजे नको किंवा थांब. दोन म्हणजे होय किंवा चल. मामींना तेवढे पुरत असे.

ऑगस्टमध्ये वरच्या इमारतीखाली, गाड्या लावायच्या जागेत वस्तीची बैठक झाली. प्रश्न एकच होता: त्या वर्षी गाऱ्हाणे कोण घालणार. गावस यांनी तोड काढली होती. मागच्या वर्षीचे गाऱ्हाणे कोणी तरी फोनवर रेकॉर्ड केले होते. ते मोठ्या स्पीकरवर लावायचे. केरकरांनी नारळ धरून उभे राहायचे. मान त्यांचाच राहील. गावस हे मनापासून बोलत होते. त्यांनी ते लावून दाखवले.

केरकर एका पत्र्याच्या खुर्चीवर बसून स्वतःचा आवाज ऐकत होते. मामी खाली पाहत होत्या. आवाज स्वच्छ होता. मागे कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता. ‘वयल्या बिल्डिंगेतल्या आजोबांक बरें वाटूंदे, रे म्हाराजा,’ इथपर्यंत आले तेव्हा केरकरांनी खुर्चीच्या हातावर एक थाप मारली.

गावस यांनी फोन थांबवला. “काय झालां? आवाज बरो आयला मूं.”

केरकर मामींकडे पाहत होते. मामी म्हणाल्या, “आजो पाडव्याच्या आदीं गेले. त्यांका बरें कर म्हणून आतां परत सांगतले?”

गावस यांनी फोन खाली ठेवला. मग मामींनीच पुढे सांगितले, “आणि खाली जून म्हयन्यांत नवीन माणसां आयली. तान्हें भुरगें आसा. तीं ह्यांत नात.”

“मागीर कोण घालतलो?” गावस यांनी विचारले.

केरकरांनी स्वतःच्या छातीवर दोन थापा मारल्या.

“अरे शाबा,” गावस म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. “लोकांक आयकूंक कशें येतलें? आणि आयकूंक ना आयलें तर उत्तर कोण दितलो? उत्तर ना तर तूंच म्हणटा, पोचना म्हणून.”

 केरकर उठले आणि घरी गेले. स्पीकर भाड्याने आणायचा की नाही, हे त्या दिवशी ठरले नाही. मामींनी नंतर सांगितले की ते दोन दिवस नीट जेवले नाहीत.

शनिवारी ते नेहमीप्रमाणे वस्तीभर फिरले. विचारता येत नव्हते, म्हणून मामी बरोबर होत्या. खालच्या ओळीत, निळी ताडपत्री घातलेल्या शेवटच्या खोलीत, कोल्हापूरकडचे ते नवे कुटुंब होते. नवरा कारखान्यात कामाला. बाई बाळाला घेऊन दारात बसली होती. मामींनी बाळाचे नाव विचारले. केरकरांनी ओठ हलवून ते दोनदा म्हणून पाहिले.

रविवारी सकाळी पाऊस नव्हता. दगडावरच्या पत्र्याच्या शेडखाली केळी, विडा आणि नारळ मांडलेला होता. माणसे नेहमीपेक्षा जास्त होती. गावस यांनी स्पीकर आणला होता, पण तो पिशवीत होता. केरकरांनी विडी पेटवायला गावस यांच्याकडे दिली, ती पेटल्यावर झुरका न घेता तशीच दगडापुढे ठेवली आणि एक पाऊल मागे सरले.

मग त्यांनी नारळ दोन्ही हातांत धरला आणि बोलायला सुरुवात केली.

ते काय बोलले, हे नोंदवता येत नाही. ओठ हलत होते. गळ्याच्या पट्टीतून श्वास येण्याजाण्याचा आवाज ऐकू येत होता. काही वेळाने त्यांच्या टाचा उचलल्या गेल्या आणि खाली आल्या. कोणी उत्तर दिले नाही. लोक एकमेकांकडे पाहत होते. गावस यांचा हात पिशवीकडे गेला.

केरकर थांबले होते. त्यांनी पुन्हा टाचा उचलल्या, आणि या वेळी त्या खाली आल्या नाहीत. ते चवड्यांवर तसेच उभे राहिले.

“व्हय म्हाराजा!”

आवाज मागून, शांतव्वाचा होता. तिने शेजारच्या बाईला कोपराने ढोसले. “टाच बघ की गं. टाच उचलली की म्हणायचं.”

केरकरांच्या टाचा टेकल्या. ओठ पुन्हा हलू लागले. पुढच्या वेळी पाचसहा जणांनी उत्तर दिले. त्याच्या पुढच्या वेळी पोरांनी, कारण त्यांना ही खूण सगळ्यांत आधीपासून ठाऊक होती. नंतर सगळ्यांनी. गावस यांनीही, जरा उशिरा. केरकर टाकीकडे वळले, इमारतींकडे वळले, चाळीकडे वळले. प्रत्येक ठिकाणी लोक त्यांच्या पायांकडे पाहत उभे होते.

शेवटी ते खालच्या ओळीकडे वळले. तो भाग सगळ्यांत लांबला. त्यांनी नारळावरचा एक हात काढून निळ्या ताडपत्रीकडे बोट केले. ओठांवर नाव दिसले. टाचा उचलल्या गेल्या. “व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. सगळ्यांचे म्हणून झाल्यावर ती नवी बाई, बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत, एकटीच म्हणाली, “व्हय महाराजा.”

नारळ फोडला. खोबरे वाटले. अकराच्या सुमारास लोक कुलपे लावून बॅगा घेऊन थांब्यावर येऊ लागले. केरकर आणि मामी केरीला निघाले होते. खोलीची चावी त्यांनी शांतव्वाकडे दिली, कारण त्या वर्षीही ती इथेच राहणार होती. बसवर नवा कंडक्टर होता. केरकर प्रवासी म्हणून चढले आणि पुढे, तसबिरीजवळच्या सीटवर, मामींच्या शेजारी बसले.

कंडक्टर मागच्या दारात बॅगा आत घेत होता. शांतव्वा रस्त्याच्या कडेने पुढे आली, केरकरांच्या जनेलाखाली उभी राहिली आणि तिने बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.

बस सुटली.